वनमाला वहिनीचा जैन पिझ्झा

आमच्या वनमाला वहिनीनं पिझ्झाचं दुकान टाकलंय, हे दशरथदादानं चेंबूरला माझ्या घरी येऊन सांगितलं तेव्हा मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. संपात त्याची गिरणी बंद पडून वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात आमच्या नात्यातल्या दोघा-तिघांची डोकी खरोखरच फिरली होती, म्हणून मला भीती वाटली. दादा म्हणाला, "खरां सांगतंय गो नले. घाटकोपरात. पिझ्झाचा."

वहिनी म्हणजे देवगडची बाई. बांगड्याचं तिखलं करावं तर तिनंच. तिनं पिझ्झा करायचा? मला स्वतःला तोवर पिझ्झा म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. मुलुंडला कुणी आइस्क्रीमवाला त्यावर अननसाचे तुकडे घालतो असं कानावर होतं. माझ्या ऑफिसातली एक बोरिवलीची बाई तर तिच्या स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा पिझ्झा साऱ्या जगात पहिला असं शपथेवर सांगायची. ज्याला त्याला आपलंच बाळ गोरं. मी आपली त्यांच्या गप्पा ऐकून घ्यायची आणि डब्यातली भाजी-पोळी खायची.

वहिनीला ही विद्या आली कुठून, तर झवेरबांच्या घरून. संप लागल्यावर वहिनी घाटकोपर पूर्वेला एका जैन कुटुंबात पोळ्या लाटायला जायची. झवेरबा म्हणजे त्या घरातली म्हातारी. पांढरं पातळ, तोंडात मोजके दात आणि नजर अशी की पिठातली अळी पाच हातांवरून दिसावी. त्यांनी वहिनीला आधी पीठ चाळायला शिकवलं, मग पाणी फडक्यातून गाळायला, मग भोपळी मिरची उभी चिरून आत जीवजंतू आहे का ते उजेडात धरून बघायला. कांदा, लसूण, बटाटा त्या घरात उंबऱ्याच्या आत येत नव्हता. त्यांच्या कॉलेजातल्या नातीला पिझ्झ्याचं वेड. पण बाहेरच्या पिझ्झ्यात कांदा-लसूण, म्हणून ती घरीच करायची, तव्यावर झाकण घालून. वहिनी बघून बघून शिकली आणि नातीपेक्षा बरा करायला लागली. मग झवेरबाच एक दिवस म्हणाल्या, "वनमाळा, तू दुकान काढ. आमच्यावाला पिझ्झा. मी सगळ्यांना सांगते."

आणि खरंच सांगितलं. त्यांच्याच इमारतीच्या खाली एक छोटासा गाळा होता, तिथे चार टेबलं टाकून दुकान सुरू झालं. इतर पिझ्झावाल्यांकडे दिवे लागल्यावर गर्दी व्हायची. वहिनीकडे दुपार कलली की बसायला जागा नसे, कारण हे लोक सूर्य बुडायच्या आत जेवणारे. बेकरीतून पिझ्झाचे रोटले यायचे. अंड्याचा हात लागलेल्या ट्रेमध्ये ते भाजतात की काय, या शंकेनं वहिनी स्वतः बेकरीत जाऊन बसली होती आणि आपले ट्रे वेगळे करून आली होती. रोटल्यावर टोमॅटोचा सॉस, त्यावर कोबी, भोपळी मिरची आणि वरून किसलेल्या चीजचा एवढा ढीग, की खाली काय आहे ते पत्ता लागू नये. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा नाक मुरडतच बसले होते. दुसरा मागवला तो मीच. आजही मला कुणी विचारलं की उपनगरातला तुझा आवडता पिझ्झा कुठला, तर माझं उत्तर ठरलेलं आहे.

पण त्या पिझ्झ्यापायी वहिनीनं जे केलं ते ऐकून माझे डोळे पांढरे झाले. तिनं घरातली मासळी बंद केली. सॉस घरी शिजायचा ना! भटवाडीच्या चाळीतली ती एक खोली, एकच स्टोव्ह. ज्या घरात सुंगटं शिजतात त्या घरातला सॉस त्या लोकांना कसा घालायचा, हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, "अगं वहिनी, भांडी वेगळी ठेव ना. त्यांना कोण सांगायला जातंय?" त्यावर ती म्हणाली, "झवेरबा माझ्या भरवशावर डोळे मिटून खातात गं नलू." झालं. एवढंच. मालवणी माणसाच्या घरातून मासळी जाते म्हणजे काय होतं ते आमच्या दादाला विचारा. दर रविवारी तो माझ्याकडे चेंबूरला यायचा, बांगडे, सौंदाळे जे असेल ते ओरपायचा आणि घरी जाताना बडीशेप चावत, हात दोन-दोनदा साबणानं धूत निघायचा. जणू बाहेर बाई ठेवलीय. मला हसावं की रडावं कळेना. मी वहिनीवर मनातून चिडलेलीच होते. माझ्या भावाला तिनं परक्या लोकांसाठी उपाशी ठेवलं असं मला वाटायचं, आणि मी ते तिला तोंडावर बोलूनही दाखवलं होतं.

चौऱ्याऐंशी सालच्या पर्युषणात दुकान आठ दिवस बंद होतं. जैनांचे ते उपासाचे दिवस, पिझ्झा खायला कोण येणार? रिकामी बसेल तर ती वहिनी कसली. तिच्या डोक्यात आलं, चीज महाग पडतं, दूध फाडून पनीर करतो तसं ते घरी का करू नये? चाळीत अंबादास म्हणून एक मुलगा राहायचा. परभणीकडचा, गरीब स्वभावाचा. भिवंडीपलीकडच्या एका डेअरीत नुकताच लागला होता. तिथेच चीज व्हायचं आणि तेच चीज घाऊक बाजारातून वहिनीकडे यायचं. तो सुट्टीवर होता. वहिनीनं त्याला चहाला बोलावलं. मीही त्या दिवशी तिथे होते.

"अंबादास, मला सांग, दूध फाडायला लिंबू घालता की तुरटी?" वहिनी म्हणाली.

"लिंबू नाही वहिनी, तसं नसतं ते," तो उत्साहानं सांगायला लागला. नवी नोकरी, कुणीतरी विचारतंय याचाच आनंद. "दूध फाडायचं नाही, विरजायचं. त्याची पावडर येते बाहेरून. चिमूटभर टाकली की हंडाभर दुधाची वडी बसते."

"कसली पावडर? इथे मिळेल?"

"इथं नाही मिळायची. ती वासराच्या पोटातून काढतात ना."

वहिनी हसली. तिला वाटलं तो थट्टा करतोय. "म्हणजे?"

"म्हणजे दूधपित्या वासराचं जठर असतं ना, ते वाळवून त्याचा अर्क काढतात. वासरू कापल्यावरच मिळतं ते. सगळीकडं तसंच करतात म्हणे, आमचे साहेब सांगत होते."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी मासे खाणारी, मटण खाणारी बाई, मला कशाचं काही नसायला हवं होतं. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वहिनीकडे बघवेना. ती बसल्या जागी पांढरी पडली होती.  अंबादास बिचारा घाबरला, "वहिनी, काही चुकलं का माझं?" असं पुन्हा पुन्हा विचारायला लागला. मीच त्याला घरी पाठवला.

तो गेल्यावर वहिनी म्हणाली, "नलू, मी मिरचीच्या बिया बघितल्या गं. बेकरीत जाऊन बसले. मिठात किडा असेल म्हणून मीठसुद्धा चाळलं. आणि चीज नाही विचारलं. दुधाचं ते, त्यात काय विचारायचं, असं वाटलं मला."

आता यात तिचं काय चुकलं, मला सांगा. आपल्याकडे दुधाला कुणी जात विचारली आहे का कधी? देवाला चालतं, उपासाला चालतं, बाळंतिणीला आणि मरणाऱ्याला चालतं. दूध म्हटलं की आपण सगळेच हात जोडतो. मी तिला तेच सांगितलं. पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती.

संध्याकाळी दादा आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आवशीचो घो! पण आता तू गप रव. कोणाक काय सांगा नको. आपण मुद्दाम केला काय?"

"मुद्दाम नाही केलं. पण उद्या केलं तर मुद्दामच होईल ना?"

"मगे चीज बंद कर. पनीर घाल. झाला. मागचा कशाक उकरून काढतंस? दुकान गेला तर खातलव काय?"

दादाचं मला शंभर टक्के पटलं होतं. गिरणी गेलीच होती, ती परत येणार नव्हती. त्या घराला दुसरा आधार नव्हता. शिवाय वहिनीच्या समोरच्याच फुटपाथला नंदकिशोर म्हणून एकानं तसलंच दुकान थाटलं होतं, तोही तेच चीज वापरायचा. त्याला थोडीच झोप येत नव्हती? मी म्हटलं, "वहिनी, देवाशपथ सांगते, तोंड उघडू नकोस." तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला वाटलं, पटलं तिला.

पर्युषणाचा शेवटचा दिवस हा त्यांचा माफी मागायचा. त्या दिवशी लहान-मोठा, शेठ-नोकर असं काही बघत नाहीत. कळत-नकळत तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा, असं म्हणत दारोदार हात जोडत जातात. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात त्याला. वहिनी दुसऱ्या दिवसासाठी दुकान धुवायला गेली होती, मी मदतीला. तेवढ्यात झवेरबा आल्या. उपासानं सुकलेल्या, मुलगा जसुभाईच्या हाताला धरून. मागे सून, नात, इमारतीतल्या चार बायका. आणि त्या म्हातारीनं, जिच्या घरात वहिनीनं पोळ्या लाटल्या होत्या तिनं, वहिनीसमोर दोन्ही हात जोडून मान वाकवली. "मिच्छामि दुक्कडम्, वनमाळा."

वहिनीनं ते जोडलेले हात धरले. "बा, थांबा," ती म्हणाली. "आधी माझं ऐका."

 मी तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला आणि सगळं सांगून टाकलं. वासरू, पोट, पावडर. एक शब्द गाळला नाही.

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सुनेनं तोंडावर हात दाबला आणि गटाराशी धावली. एक बाई मोठमोठ्यानं रडायला लागली. जसुभाई एरवी गाईसारखा माणूस, तो असा ओरडला की रस्त्यावरचे लोक थांबले. "आमचा धरम बुडवला तू! माझ्या आईच्या तोंडात घातलं!" हे सगळं मी समजू शकते. पण एका बाईनं जे म्हटलं त्यानं मी थक्क झाले. ती म्हणाली, "सांगितलं कशाला? आम्हाला माहीत नव्हतं तोवर आमचं पाप नव्हतं. आता तू ते आमच्या डोक्यावर ठेवलंस!" म्हणजे खायला घातल्याचा राग एकीकडे आणि सांगितल्याचा त्याहून मोठा. वहिनी सगळ्यांसमोर खाली मान घालून उभी होती.

झवेरबा मात्र ओरडल्या नाहीत. पदर तोंडाला लावून त्यांनी एकच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"परवा, बा."

त्या वळल्या आणि गेल्या.

दुकान उघडलं ते माशा मारायला. वहिनीनं चीज बंद केलं, रोज सकाळी दूध फाडून पनीर करायला लागली, तव्यावर परतून रोटल्यावर घालायची. कुणी फिरकलं नाही. ते ठीक, मला तेवढं अपेक्षित होतं. पण लोक गेले कुठे, ते बघून माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सगळे समोर, नंदकिशोरकडे! त्यानं रातोरात पाटी लावली होती, 'सौ टका शुद्ध जैन पिझ्झा'. तीच डेअरी, तेच चीज, तोच डबा. त्याच्या दुकानामागे रिकामे डबे पडायचे ते आम्हाला इकडून दिसायचे. ज्यांनी वहिनीला शिव्या घातल्या तेच लोक तिथे बोटं चाटत उभे. खरं सांगितलं तिचं दुकान ओस, आणि तोंड मिटून बसला त्याच्याकडे रांग! माझं रक्त उकळायचं. मी म्हटलं, "वहिनी, जा आणि सांग त्यांना ओरडून." ती म्हणाली, "मी माझं सांगितलं. त्याचं त्यानं सांगायचं." अशा बाईपुढे कुणीही हात टेकावेत. दादानं तर तिच्याशी बोलणंच टाकलं. दसऱ्याला गावी जायचं होतं तेही राहिलं. गाळा सोडून द्यायच्या गोष्टी सुरू झाल्या.

झवेरबांनी त्यांच्या साधू-महाराजांकडून प्रायश्चित्त घेऊन परत उपास धरले असं कळलं. त्या वयात! वहिनीनं ते ऐकलं आणि तिनंही अन्न सोडलं. म्हातारी पारणं करीपर्यंत पाण्यावर राहिली. मी तिला नाही नाही ते बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि पनीर करायला बसली.

आणि मग एके दुपारी झवेरबा आल्या. एकट्या, काठी टेकत. मी दारातच होते, बाजूला सरले. त्या आत येऊन अगदी रस्त्याकडच्या खुर्चीवर बसल्या. वहिनी धावत ताटली घेऊन आली. त्यांनी हातानं ती बाजूला केली.

"खायला नाय आली. बसायला आली."

आणि बसल्या. हातात जपमाळ, तोंड रस्त्याकडे. पाणीसुद्धा त्यांनी घरून उकळून आणलं होतं. ऊन उतरायला लागलं तशा उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. समोर नंदकिशोरच्या दारात उभी असलेली त्यांचीच माणसं त्यांना बघायची, नजर चुकवायची, पाठ करून खायची. इमारतीत कुजबुज सुरू झाली, बांचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून.

शेवटी जसुभाई आला, घाम पुसत, लाजेनं लाल झालेला. "बा, घरी चल. लोक हसतात. हिनं आपल्याला काय खाऊ घातलं विसरलीस?"

झवेरबांनी माळ थांबवली. "तू काल पोरांना घेऊन कुठे गेलेला?"

 सगळ्या रस्त्यानं बघितलं होतं तो कुठे गेला होता ते.

"जा. त्याला विचार, चीजमध्ये काय आहे. तो सांगेल तर मी घरी येते."

मला वाटलं हा आता आईला हाताला धरून उठवणार. पण त्या घरात म्हातारीचा शब्द खाली पडत नसावा. तो रस्ता ओलांडून गेला. ऐन गर्दीची वेळ. आम्हाला इकडे सगळं ऐकू येत होतं. त्यानं विचारलं. नंदकिशोर हसत म्हणाला, "शेठ, दूधनी वस्तू! एमां शुं पूछवानुं?"

त्यात काय विचारायचं! हुबेहूब वहिनीचंच वाक्य. माझ्या बाजूला उभी असलेली वहिनी दचकली. जसुभाईनं पुन्हा विचारलं, डेअरीचं नाव काढलं. नंदकिशोर हसायचा थांबला, फडकं घेऊन पुसलेलंच टेबल पुसायला लागला. खाणाऱ्या लोकांचे हात तोंडापाशी थांबले. एकानं ताटली हळूच खाली ठेवली. मग दुसऱ्यानं.

जसुभाई परत आला. आईकडे बघवेना त्याला आणि वहिनीकडे तर नाहीच नाही. धप्पकन खुर्चीत बसला. टेबलाकडे बघतच म्हणाला, "वनमाळाबेन, आज काय आहे?"

"पनीरचा आहे. दूध मी फाडलंय, लिंबानं. बघायचं असेल तर—"

"नको. दे."

वहिनीनं तवा ठेवला. घाईघाईत कोबी अर्धा बाहेर सांडला. जसुभाईनं खाली मान घालून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. त्या दिवशी आणखी दोन कुटुंबं आली. आठवड्यानं चारही टेबलं भरायला लागली. नंदकिशोरनं पुढे पाटी उतरवून दुकानात शाळेची दप्तरं विकायला सुरुवात केली. गाळा सोडायच्या गोष्टी आमच्या घरात परत निघाल्या नाहीत. दादा वहिनीशी बोलायला लागला, आणि रविवारी चेंबूरला यायचाच, ते काही सुटलं नाही.

पण झवेरबा! दुकान पूर्वीसारखं चालायला लागलं तरी त्यांचा नेम मोडला नाही. रोज यायच्या, बसायच्या, तोंडात कण घालायच्या नाहीत. मला ते सहन होईना. एवढी उलाढाल झाल्यावरही म्हातारीच्या मनात अढी आहे आणि ती रोज येऊन वहिनीला टोचतेय, असंच मला वाटायला लागलं. माझा स्वभाव तुम्हाला कळला असेलच. एक दिवस मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बा, तुमचा मुलगा खातो, नातवंडं खातात. आता त्यात काही नाही. मग तुम्ही का खात नाही? आमच्या वहिनीला अजून माफ नाही केलंत?"

झवेरबांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी वेगळ्याच भाषेत बोलतेय.

"तिला?" त्या म्हणाल्या. "तिनं काय केलं? वनमाळाला पीठ चाळायला मी शिकवलं. पाणी गाळायला मी शिकवलं. काय काय तपासायचं ते सगळं मी शिकवलं. त्यात दूध मी नाय सांगितलं. तिनं तरी विचारलं कुणाला. मी एवढी म्हातारी झाली, मी कधी विचारलं?" त्यांनी माळ कपाळाला लावली. "भूल माझी. म्हणून मी बाहेरचं सोडलं, मरेपर्यंत."

 इतके दिवस सगळ्या रस्त्यानं वहिनीकडे बोट दाखवलं होतं आणि ही बाई गपचूप आपल्याकडे दाखवत बसली होती.

वहिनी मागे टोमॅटो चिरत होती. तिनं ऐकलं होतं. सुरी खाली ठेवून, हात न पुसताच ती बाहेर आली आणि दुकान काढल्यापासून पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली, बांच्या समोर. एवढ्या दिवसांत एकदाही न रडलेली बाई हुंदके देऊन रडायला लागली. झवेरबांनी टोमॅटोनं माखलेला तिचा हात आपल्या पांढऱ्या पातळावर घेतला. तव्यावरचा रोटला करपायला लागला होता. मी जाऊन तो उलटला.